‘स्वतःबद्दल सांगा’ म्हटलं की काय सांगायचं? मुलाखतीच्या नेहमीच्या प्रश्नांची तयारी

या विषयावरचा व्हिडिओ लांबेल म्हणून मी बरीच उदाहरणं गाळली होती. ती इथे लिहितोय. वही-पेन घेऊन बसा, कारण मधे एक काम करायला सांगणार आहे.

आधी एक किस्सा. माझं कराडला इलेक्ट्रिकल सामानाचं दुकान आहे. दोन वर्षांपूर्वी काउंटर आणि बिलिंगसाठी माणूस हवा होता. एक बी.कॉम. झालेला मुलगा आला. इस्त्रीचा शर्ट, फाईल व्यवस्थित लावलेली. मी म्हटलं, ‘स्वतःबद्दल सांग.’ तो सुरू झाला, ‘मायसेल्फ अमुक अमुक, माय फादर इज फार्मर, माय मदर इज हाउसवाइफ, माय हॉबी इज लिसनिंग म्युझिक.’ स्ट्रेंथ विचारली तर ‘हार्ड वर्किंग’. वीकनेस विचारली तर ‘काम परफेक्ट झाल्याशिवाय मला चैन पडत नाही’. हे परफेक्टचं उत्तर मी त्या आठवड्यात चौथ्यांदा ऐकत होतो. मनातल्या मनात त्याच्या नावावर फुली मारली आणि ‘कळवतो’ म्हणालो.

तो उठून दारापर्यंत गेला, तेवढ्यात एक काका आले. नवीन गीझर बसवायचाय, १ एमएमची वायर द्या म्हणाले. हा मुलगा दारातूनच म्हणाला, ‘काका, गीझर किती वॅटचा आहे? २००० असेल तर १ एमएम नको, तापेल. अडीच एमएमची घ्या. आणि पॉइंट १६ अँपिअरचा आहे ना?’

मी त्याला परत बसवलं. तुला हे कसं माहीत? म्हणे, ‘मामा वायरमन आहेत. कॉलेजची तिन्ही वर्षं सुट्टीत त्यांच्या हाताखाली जायचो.’ मग मघाशी का नाही सांगितलंस? ‘सर, ते काय सांगायचं... असंच जायचो.’

बघा, माझ्या दुकानाला जी गोष्ट हवी होती ती त्याच्याकडे होती आणि तीच तो घरी ठेवून आला होता. का? तर मुलाखतीची उत्तरं कुठेतरी छापलेली असतात आणि ती पाठ करायची असतात, असं त्याला वाटत होतं. काका पाच मिनिटं उशिरा आले असते, तर त्याची नोकरी गेली असती आणि माझा माणूस.

म्हणून तयारीची सुरुवात प्रश्नांपासून करू नका. सुरुवात तुमच्या ‘असंच’ केलेल्या कामांपासून करा.

वहीतलं काम

एका पानावर गेल्या तीन-चार वर्षांतले पाच-सहा प्रसंग लिहा. नोकरीतलेच पाहिजेत असं नाही. घरच्या दुकानात बसलात, डेअरीवर दूध मोजलं, एनएसएसच्या कॅम्पला स्वयंपाकाची जबाबदारी घेतली, बहिणीच्या लग्नात कार्यालय-केटरर-मंडप सगळ्यांचे पैसे तुमच्या हातून गेले, काहीही चालेल. प्रत्येक प्रसंगात चार गोष्टी यायला हव्यात: परिस्थिती काय होती, तुमच्यावर काय होतं, तुम्ही स्वतः काय केलं आणि शेवटी काय झालं. बीबीएला आम्हाला हे ‘स्टार’ नावाने शिकवलं होतं, सिच्युएशन, टास्क, ॲक्शन, रिझल्ट. नाव विसरलात तरी चालेल. आकडा मात्र विसरू नका.

उदाहरण देतो. एका मुलाने लिहून आणलं होतं, ‘मंडळात काम केले, नेतृत्वगुण आहेत.’ यातून मला काहीच कळलं नाही. खोदून विचारल्यावर निघालं ते असं: तो गणेश मंडळाचा खजिनदार होता. वर्गणीची ४० पावतीपुस्तकं वाटली होती. विसर्जनानंतर ३ पुस्तकं परत आली नव्हती आणि हिशेब जुळत नव्हता. हा तिघांच्याही घरी गेला, स्थळप्रती तपासल्या, दोन दिवसांत हिशेब जुळवला. पुढच्या वर्षीपासून पुस्तक देताना वहीत सही घ्यायची पद्धत सुरू केली.

हा एकच प्रसंग किती ठिकाणी चालतो बघा. जबाबदारी कधी घेतली? हाच. अडचण कशी सोडवली? हाच. वयाने मोठ्या माणसांशी वाद आला तर काय करता? हाच, कारण त्या तिघांतला एक त्याचा चुलता होता. चुकीतून काय शिकलात? सही घेतली नव्हती ही चूकच होती. पाच-सहा प्रसंग पक्के असतील तर नवीन प्रश्न आला तरी गडबड होत नाही.

स्वतःबद्दल सांगा

वडील काय करतात, भावंडं किती, हे समोरच्याने विचारलं तर सांगा. पहिल्या मिनिटात नको, तो वेळ तुमचा आहे. शिक्षण एका वाक्यात, हाताला येणारं काम दोन-तीन वाक्यांत आणि या जागेसाठी का आलात ते एका वाक्यात. त्या मुलाने खरं तर असं म्हणायला हवं होतं:

‘मी बी.कॉम. पूर्ण केलंय. कॉलेज करताना सुट्टीत मामांबरोबर वायरिंगच्या कामाला जायचो, त्यामुळे वायर, स्विच, एमसीबी हा सगळा माल ओळखता येतो. टॅलीचा कोर्स केलाय. जीएसटीचं विक्री बिल करता येतं, रिटर्न मात्र भरलेलं नाही. तुमच्याकडे काउंटर आणि बिलिंग एकाच माणसाने बघायचंय असं कळलं, म्हणून आलो.’

यातलं ‘रिटर्न मात्र भरलेलं नाही’ हे वाक्य काढू नका. एवढं एक वाक्य ऐकलं की आधीच्या सगळ्यावर माझा विश्वास बसतो.

पुण्या-मुंबईच्या कंपनीत इंग्रजीत विचारतील. तयारी आधी मराठीतच करा, मग छोट्या छोट्या वाक्यांत इंग्रजी करा. ‘मायसेल्फ’ने सुरुवात नको, ‘माय नेम इज’ किंवा नुसतं ‘आय ॲम’ म्हणा. मधेच अडकलात तर गप्प बसण्यापेक्षा ‘मे आय कंटिन्यू इन हिंदी?’ विचारा. काही जण नाही म्हणतील. पण जिथे इंग्रजी रोज लागणार नाही तिथे बहुतेक जण हो म्हणतात.

कमकुवत बाजू

इथे मुलं दोन टोकं गाठतात. एक तर ‘परफेक्शन’वालं उत्तर, नाहीतर ‘मला राग लवकर येतो’. खरी, पण त्या कामात माफ होण्यासारखी गोष्ट सांगा आणि तिच्यावर काय करताय ते सांगा. ‘फोनवर गिऱ्हाइकाशी बोलताना मी आधी चाचरायचो, आता बोलण्याआधी दोन मुद्दे कागदावर लिहून घेतो.’ बास. कॅशियरच्या जागेसाठी आलात आणि हिशेबात गोंधळ होतो म्हणालात, तर देवही वाचवणार नाही.

मधली तीन वर्षं काय केलं?

सगळ्यात जास्त मुलं इथे पडतात, म्हणून यावर जरा थांबतो. आपल्याकडे दर दुसऱ्या घरात एमपीएससी, पोलीस भरती किंवा बँकेच्या परीक्षेची तयारी केलेलं कोणीतरी असतं. पुण्याला सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून, अभ्यासिकेत दिवस काढून ही मुलं परत येतात आणि मुलाखतीत सांगतात, ‘घरगुती अडचण होती.’ लाज वाटते. मी समजू शकतो, पण हे उत्तर देऊ नका. समोरच्याला लगेच कळतं, आणि घरगुती अडचण म्हटली की तो आजारपण, कर्ज, कोर्टकचेरी काय काय डोक्यात आणतो.

समोरच्याला तुमच्या निकालाशी देणंघेणं नसतं. त्याला एकच भीती असते, की मी याला सहा महिने शिकवणार आणि पुढची जाहिरात आली की हा निघून जाणार. तेव्हा उत्तर त्या भीतीला द्या. ‘तीन वर्षं राज्यसेवेची तयारी केली. दोनदा पूर्व परीक्षा पास झालो, मुख्यला राहिलो. आता तो प्रयत्न थांबवलाय. त्या काळात रोज आठ-दहा तास बसायची सवय लागली आणि माहिती काढून मुद्देसूद लिहिता यायला लागलं.’ एवढं पुरे. रडगाणं नको आणि आयोगाला शिव्याही नकोत.

आणि प्रयत्न थांबवला नसेल तर? इथे व्हिडिओत मी थोडं गुळमुळीत बोललो होतो, आता सरळ लिहितो. थांबवला नसेल तर थांबवला म्हणू नका. ‘अजून एक प्रयत्न करणार आहे. परीक्षेपुरती सुट्टी लागेल, ती आधी सांगून घेईन. किमान एक वर्ष नक्की आहे.’ यावर काही मालक तुम्हाला घेणार नाहीत, हे मी लपवत नाही. मी स्वतः एकाला याच कारणासाठी नाही म्हटलंय. पण दुसऱ्या एकाने हेच सरळ सांगितलं तेव्हा घेतलंही. तो १४ महिन्यांनी गेला, पण एक महिना आधी सांगून आणि नवीन मुलीला सगळं स्टॉक रजिस्टर समजावून गेला. त्याच्याबद्दल आजही कुणी फोन करून विचारलं तर मी चांगलंच सांगतो. खोटं बोलून घुसलेला चार महिन्यांत गायब झाला, तर त्याच्यासाठी कोण शब्द टाकणार? कराडसारख्या गावात सगळे सगळ्यांना ओळखतात.

मुलींना विचारला जाणारा एक प्रश्न

‘लग्न ठरलंय का?’ हा प्रश्न सर्रास विचारतात. खरं सांगायचं तर सुरुवातीच्या काळात मीही विचारायचो. एका मुलीने शांतपणे मला सांगितलं, ‘सर, पुढची दोन वर्षं मी कराडलाच आहे आणि साडेनऊ ते सात ही वेळ मला जमते.’ तिने लग्नाबद्दल एक शब्द काढला नाही आणि मला जे खरं जाणून घ्यायचं होतं ते सगळं कळलं. त्यानंतर मी तो प्रश्न बंद केला. भरती करताना बाई म्हणून भेदभाव करू नये, हे कायद्यात १९७६ च्या समान वेतन कायद्यापासून आहे, हेही मला नंतर कळलं. तुम्हाला विचारलं तर भांडायला जाऊ नका, खासगी तपशीलही देऊ नका. मुक्काम कुठे आणि वेळ जमते का, एवढंच बोला. अर्थात या दोन वाक्यांतलं काही खरं नसेल तर ते म्हणू नका.

पगार किती अपेक्षित आहे?

‘तुम्ही द्याल तो’ हे उत्तर नम्र वाटतं, पण त्यात तुमचंच नुकसान आहे. आधी घरी हिशेब करा. बाहेरगावी जाणार असाल तर खोली, मेस, पास, घरी पाठवायचे पैसे, सगळं मांडून एक आकडा काढा, ज्याच्या खाली जमणारच नाही. मग त्याच कामाला तिथे काय देतात ते दोन-तीन जणांना विचारा.

सीटीसी आणि हातातला पगार यात गल्लत करू नका. समजा वर्षाला २ लाख ४० हजार सीटीसी सांगितली, म्हणजे महिना २०,०००. मूळ पगार १२,००० धरू. पीएफ १२ टक्के तुमचा आणि १२ टक्के मालकाचा, म्हणजे १,४४० आणि १,४४०. मालकाचा हिस्साही बहुतेक वेळा सीटीसीत धरलेला असतो. ईएसआयसी लागू असेल तर मालकाचे ३.२५ टक्के आणि तुमचे ०.७५ टक्के. पुरुषांना व्यवसाय कर महिना २०० (फेब्रुवारीत ३००). महिलांना आपल्या राज्यात २५ हजार पगारापर्यंत तो नाही. हे सगळं वजा केलं की हातात साधारण १६,२०० येतात. ग्रॅच्युइटीही सीटीसीत धरली असेल तर आणखी कमी. पीएफ तुमचाच पैसा आहे, बुडत नाही, पण त्यातून खोलीचं भाडं भरता येत नाही. म्हणून विचारा, ‘हातात किती येतील?’ यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. मी रोज शंभर गिऱ्हाइकांकडून ‘सगळं धरून किती?’ ऐकतो.

आणि हो, मुलाखतीला, युनिफॉर्मला किंवा ट्रेनिंगला आधी पैसे भरा म्हणाले तर उठून घरी या.

सराव कसा करायचा

आरशासमोर नको, तिथे आपण केसच नीट करत बसतो. मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करा. ‘स्वतःबद्दल सांगा’ एक मिनिट, प्रत्येक प्रसंग दीड मिनिट. शब्द पाठ करायचे नाहीत, तीनदा सांगितला तर तीनदा थोडा वेगळा यायला हवा. मग घरातल्या कुणाला तरी ऐकवा, ज्याला त्या कामातलं काही कळत नाही. आईला कळलं तर एचआरला कळेल.

शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचंय का?’ म्हणतात. ‘नो सर’ म्हणून उठू नका. पहिल्या महिन्यात मला नेमकं काय करावं लागेल, आधीचा माणूस का गेला, सुट्टी कोणत्या वारी, यातलं काहीही विचारा. त्या वायरमनच्या भाच्याने रुजू व्हायच्या आधी मला विचारलं होतं, ‘उधारीची वही कोण बघतं?’ तेव्हा ती कोणीच बघत नव्हतं. आता तो बघतो.