अनंताची खूण

सन २०२४ च्या ऑक्टोबर महिन्यांत सूर्यास्तानंतर पश्चिम क्षितिजावर दिसणारा धूमकेतु आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं पाहिला असेल. त्सुचिनशान-अ‍ॅटलास हें त्याचें लांबलचक नांव. चीनमधील एका वेधशाळेनें व दक्षिण आफ्रिकेंतील एका दुर्बिणीनें सन २०२३ मध्यें तो टिपला, त्यांवरून तें पडलें. शाळेच्या आवारांतून त्याचें छायाचित्र घ्यावें म्हणून आम्ही व नवव्या इयत्तेंतील चार मुलें तिवई मांडून बसलों होतों. कॅमेरा रेंजफाइंडर जातीचा व फिल्मवर चालणारा. भिंग २१ मिलिमीटर केंद्रांतराचें, एका माजी विद्यार्थ्यानें उसनें दिलेलें. ध्वजस्तंभ, त्यामागची डोंगराची कड आणि वर धूमकेतु, असें सारें एकाच चित्रांत यावें म्हणून तें रुंद कोनाचें, ज्याला वाइड-अँगल म्हणतात तसलें, भिंग घेतलें होतें. उजेड थोडा म्हणून त्याचें छिद्र पूर्ण उघडें, म्हणजे एफ १.४ ठेविलें. अंतराचें कडें अनंताच्या खुणेपर्यंत, जेथें तें अडतें तेथपर्यंत, फिरविलें. याहून अधिक काळजी ती काय घ्यावयाची, असें तेव्हां वाटलें.

फिल्म धुऊन आली ती पाहून आम्ही खट्टू झालों. ध्वजस्तंभ कातरून काढल्यासारखा रेखीव, त्याची दोरीदेखील वेगळी दिसत होती. डोंगराची कड मात्र लोकरीसारखी, तारे बिंदूंऐवजीं पुंजके, आणि धूमकेतूची शेपटी ओल्या कागदावर शाई पसरावी तशी. धूमकेतु तोंवर निघून गेला होता आणि आमच्यापैकीं कोणाच्याहि हयातींत तो परत येणार नव्हता. ध्वजस्तंभ आमच्यापासून सुमारें तीस फूट, म्हणजे नऊ मीटर, दूर होता. हा आंकडा वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. सगळ्या गोष्टीची किल्ली त्यांत आहे.

प्रथम अनंत म्हणजे काय तें पाहूं. छायाचित्रणांतील अनंत हें तत्त्ववेत्त्याचें अनंत नव्हे. एखादी वस्तु इतकी दूर असली कीं तिच्या एका बिंदूपासून निघालेले किरण भिंगापाशीं येईतों जवळजवळ समांतर होतात, तर ती अनंतावर आहे असें म्हणावयाचें. चंद्र तर तेथें आहेच, पण आमच्या २१ मिलिमीटरच्या भिंगाला समोरचा डोंगरहि तेथेंच आहे. समांतर किरण भिंगाच्या मागें त्याच्या केंद्रांतराइतक्या अंतरावर एकत्र येतात व फिल्म नेमकी तेथें असली पाहिजे. वस्तु जवळ आली तर प्रतिमा मागें सरकते, म्हणून भिंग पुढें सारावें लागतें. अंतराचें कडें फिरवून आपण एवढेंच करितों.

आतां रेंजफाइंडर. विद्यार्थ्यांनीं बोट नाकासमोर धरून एक डोळा मिटून मग दुसरा मिटावा. बोट मागच्या भिंतीवर इकडून तिकडे उडी मारतें. बोट जवळ आणावें तों उडी मोठी, दूर न्यावें तों लहान. या यंत्रांत दोन डोळ्यांच्या जागीं दोन खिडक्या असतात. एका खिडकींतून आपण सरळ पाहतों. दुसरींतून येणारें चित्र एका फिरत्या आरशानें किंवा लोलकानें पहिल्यावर पाडलेलें असतें. दोन्ही चित्रें एकावर एक तंतोतंत बसलीं कीं आरशाच्या कोनावरून अंतर कळतें. जर्मनींतील वेट्झलर गांवीं लाइट्झ कारखान्यांत ऑस्कर बार्नाक यांनीं घडविलेला लायका कॅमेरा सन १९२५ मध्यें बाजारांत आला, त्याला हें यंत्र जोडलेलें नव्हतें. अंतर अजमासानें किंवा निराळ्या उपकरणानें मोजून कडें फिरवावें लागे. सन १९३२ मध्यें लायकाच्या दुसऱ्या नमुन्यांत व त्याच वर्षीं झाइस कंपनीच्या काँटॅक्समध्यें भिंग आणि रेंजफाइंडर एकमेकांस जोडले गेले. पुढें सन १९५४ मध्यें लायका एम ३ आला. त्या वेळीं ठरलेलें भिंगाच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचें २७.८ मिलिमीटर हें माप आजतागायत बदललेलें नाहीं.

जोडणी अशी असते. भिंगाच्या मागच्या बाजूस एक कडें असतें, त्याला कॅम म्हणतात. कॅमेऱ्याच्या आंत एका दांड्याच्या टोंकाला लहानशी चाकी असते, ती या कॅमवर टेकते. भिंग पुढें-मागें झालें कीं चाकी सरकते, चाकी सरकली कीं आरसा फिरतो. ही चाल ५० मिलिमीटरच्या भिंगासाठीं बेतलेली आहे. तें भिंग अनंतापासून एक मीटरच्या वस्तूपर्यंत यावयाला सुमारें २.६ मिलिमीटर पुढें येतें. आमचें २१ मिलिमीटरचें भिंग त्याच कामासाठीं अर्धा मिलिमीटरहि सरकत नाहीं, सुमारें ०.४५ मिलिमीटर पुरतें. म्हणून त्याचा कॅम असा कापतात, कीं भिंग थोडें सरकलें तरी चाकी जवळजवळ सहापट सरकावी. यामुळें चाकीच्या हालचालींत राहिलेली बारीकशी चूक भिंगापाशीं पोंचेपर्यंत सहावा हिस्सा होते.

मग वाचक म्हणतील, रुंद कोनाचें भिंग तर फारच सुरक्षित झालें ! आमचीहि समजूत तीच होती, आणि ती पुष्कळ जाणत्यांचीहि आहे. रेंजफाइंडरच्या बाजूनें पाहिलें तर ती खरीच आहे. आजच्या पुष्कळ लायकांत खिडक्यांमधील अंतर सुमारें ६९ मिलिमीटर व दृश्य ०.७२ पट दिसणारें, म्हणजे उपयोगी अंतर सुमारें ५० मिलिमीटर. साध्या डोळ्याला एका कलेएवढा, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाएवढा, फरक कळतो असें धरलें, तर हें यंत्र सुमारें १७० मीटर आणि अनंत यांतील भेद दाखवूं शकतें. २१ मिलिमीटरच्या भिंगाला एवढी सूक्ष्मता लागतच नाहीं.

परंतु रेंजफाइंडर भिंगांतून पाहत नाहीं. ही गोष्ट इतकी सरळ आहे कीं ती विसरली जाते. तो आपल्या दोन खिडक्यांतून बाहेरचें जग पाहतो आणि चाकी कोठें टेकली आहे एवढेंच त्याला कळतें. भिंगाच्या मागें प्रतिमा कोठें पडली याची त्याला वार्ता नसते. चंद्राचीं दोन बिंबें खिडकींत बरोबर जुळलीं, तर कॅम योग्य जागीं आहे इतकेंच सिद्ध झालें. कांचा योग्य जागीं आहेत हें सिद्ध झालें नाहीं.

कांचा किती चुकल्या तर चालेल ? भिंगांतून निघून एका बिंदूंत मिळणारे किरण म्हणजे एक शंकु समजा. २१ मिलिमीटरच्या भिंगाचें एफ १.४ छिद्र १५ मिलिमीटर रुंद. ५० मिलिमीटरच्याचें जवळजवळ ३६. शंकूचा पाया व उंची यांचें प्रमाण दोहोंत एकच, म्हणून उतारहि एकच. फिल्म टोंकापासून ०.०५ मिलिमीटर, म्हणजे वहीच्या कागदाच्या सुमारें निम्म्या जाडीइतकी, सरकली, तर दोन्ही ठिकाणीं बिंदूचें ०.०३६ मिलिमीटर व्यासाचें वर्तुळ होतें. रुंद कोनाच्या भिंगाला येथें मुळींच सवलत नाहीं. उलट त्याच्या चित्रांत डोंगरावरचें झाड निम्म्याहूनहि लहान उमटतें, तेव्हां तेंच वर्तुळ त्या झाडाचा अधिक भाग पुसून टाकतें.

आतां हीच चूक बाहेरच्या अंतराच्या भाषेंत मांडूं. न्यूटनचा एक सोपा नियम आहे. भिंग अनंताच्या जागेपासून जितकें पुढें असेल, तितक्यानें केंद्रांतराच्या वर्गास भागावें. जें स्पष्ट उमटतें त्याचें अंतर मिळतें. ५० चा वर्ग २५००, त्यास ०.०५ नें भागलें तर ५०,००० मिलिमीटर, म्हणजे ५० मीटर. २१ चा वर्ग ४४१, त्यास ०.०५ नें भागलें तर ८,८२० मिलिमीटर, म्हणजे नऊ मीटरांना जरा कमी. आमचा ध्वजस्तंभ ! कड्यावर अनंताची खूण असतां भिंग त्या स्तंभाकडे पाहत होतें. हा हिशेब मुलांनींच फळ्यावर केला, आणि उत्तर आलें तेव्हां वर्गांत जी शांतता पसरली ती आम्हांस चांगली आठवते.

रुंद कोनाच्या भिंगास सारें कांहीं स्पष्ट दिसतें ही समजूत आली कोठून ? ती छिद्र लहान करण्याच्या संवयींतून आली. एफ ५.६ वर तोच शंकु इतका निमुळता होतो, कीं ०.०५ च्या चुकीचें वर्तुळ ०.००९ मिलिमीटर उरतें आणि कोणाच्या दृष्टीस पडत नाहीं. याच भिंगानें भरदिवसां घेतलेलीं चित्रें आम्हीं आधीं पाहिलीं होतीं व तीं निर्दोष होतीं. दोष होताच; दिवसाच्या उजेडानें तो झांकला होता. ताऱ्यांच्या बाबतींत तो दुहेरी नडतो. जो तारा ०.०१२ मिलिमीटरचा ठिपका व्हावयाचा तो तिप्पट व्यासाचा झाला, तर त्याचा उजेड नऊपट जागेंत पसरतो आणि तारा दोन-अडीच प्रतींनीं मंद होतो. बारीक तारे मग फिल्मवर उमटतच नाहींत. धूमकेतूची शेपटी आमच्या चित्रांत आंखूड कां, याचेंहि एक कारण हेंच.

आमचा पहिला संशय रेंजफाइंडरवर गेला, हें येथें कबूल केलें पाहिजे. चाकीच्या मध्याशीं एक स्क्रू असतो, तो फिरवून अनंताचें जुळणें सुधारतां येतें. एका मुलानें तर लहान पेंचकस हातांत घेतलाहि होता. तो स्क्रू फिरविला असता तर भिंग जेथें अडतें तेथेंच अडलें असतें, चित्र तसेंच राहिलें असतें, आणि त्या कॅमेऱ्याचीं बाकीचीं सर्व चांगलीं भिंगें मात्र खोटीं ठरलीं असतीं.

त्याऐवजीं आम्हीं असें केलें. फिल्म न घालतां कॅमेऱ्याचें मागचें दार उघडून, फिल्म ज्या दोन पट्ट्यांवर टेकते त्यांवर दुधी कांचेचा तुकडा बसविला, खरखरीत बाजू भिंगाकडे करून. शटर उघडें अडकवून ठेविलें व दहापट मोठें दाखविणाऱ्या भिंगानें कांच पाहिली. त्या डिसेंबरांत गुरु रात्रभर आकाशांत तेजानें तळपत होता, त्यावर कॅमेरा रोखला. गुरूचा ठिपका पसरट दिसला. कांचेखालीं पातळ कागदाच्या पट्ट्या सारून ती मागें नेली, तर तो आणखी पसरला. म्हणजे प्रतिमा फिल्मच्या अलीकडे, भिंगाच्या बाजूस, जुळत होती. भिंग फार पुढें होतें. चूक उलट दिशेची असती, म्हणजे भिंग फार मागें असतें, तर कडें थोडें परतवून तारा तरी स्पष्ट करतां आला असता. आमच्या बाबतींत खुणेच्या पलीकडे कडें जातच नव्हतें. नंतर त्याच कॅमेऱ्यावर आमचें जुनें ५० मिलिमीटरचें भिंग लाविलें, गुरु टांचणीच्या टोंकासारखा झाला. २१ चें भिंग दुसऱ्या कॅमेऱ्यावर लाविलें, तेथेंहि तोच पसरटपणा. तेव्हां कॅमेरा निर्दोष व भिंग दोषी असा निकाल लागला.

डिजिटल कॅमेऱ्यांत ही परीक्षा सोपी झाली आहे. सन २००४ मध्यें एप्सननें व सन २००६ मध्यें लायकानें फिल्मच्या जागीं सेन्सर असलेले रेंजफाइंडर कॅमेरे काढिले. सन २०१२ मध्यें जाहीर झालेल्या लायका एम मध्यें प्रत्यक्ष भिंगांतून पडणारें चित्र मागच्या पडद्यावर मोठें करून पाहतां येऊं लागलें. मात्र जुनीं भिंगें निराळ्या कॅमेऱ्यांवर बसविण्याचीं जीं मधलीं कडीं मिळतात, त्यांतील पुष्कळ मुद्दाम किंचित् पातळ केलेलीं असतात, म्हणजे अनंत सांपडलें नाहीं अशी तक्रार येऊं नये. अशा कड्यावर अनंताची खूण निव्वळ शोभेची उरते. पडद्यावर पाहूनच काम करावें लागतें.

भिंग मुंबईच्या एका कारागिराकडे पाठविलें. तें पूर्वीं कोणीतरी साफ करण्यासाठीं उघडलें होतें, आणि जोडतांना कांचांच्या नळीखालीं पितळेची एक पातळ चकती जास्त बसविली होती. कॅमचें कडें तिच्या वांट्यास आलें नव्हतें, म्हणून रेंजफाइंडर इतका वेळ खरेंच सांगत होता. चकती काढल्यावर आम्हीं पुन्हा दुधी कांच लावून पाहिली. गुरु बारीक ठिपक्याएवढा झाला, आणि चर्चच्या शिखरामागच्या डोंगरावरचीं झाडें एकेक मोजतां आलीं. भिंग ज्याचें त्याला परत केलें.

धूमकेतूचें तें चित्र वाचनालयांत दाराशेजारीं लाविलें आहे. मुलें येणाऱ्या पालकांना तें दाखवितात तेव्हां प्रथम ध्वजस्तंभाची दोरी दाखवितात.