सर्व्हरवर कोणती ऑपरेटिंग सिस्टीम घ्यावी?

प्रश्न : कर्जत-खालापूर भागातल्या शेतघरांच्या बुकिंगची आमची वर्डप्रेसवर केलेली वेबसाइट आहे. भाड्याच्या सर्व्हरवर सेंटओएस ७ आहे. बदलावे का? विंडोज बरे पडेल का? की ऑफिसातलाच संगणक सर्व्हर म्हणून वापरावा?
– एक वाचक, कर्जत

उत्तर : बदला, आणि लवकर. सेंटओएस ७ चे सुरक्षा अपडेट ३० जून २०२४ रोजी बंद झाले. तुमच्याकडे ग्राहकांचे फोन नंबर आहेत, त्यामुळे साइट नीट चालते एवढ्यावर थांबू नका.

विंडोज नको. वर्डप्रेसला लागणारे पीएचपी आणि मायएसक्यूएल लिनक्सवर उत्तम चालतात, मग परवान्याचे जादा पैसे कशाला? साइट जुन्या एएसपी डॉट नेटमध्ये असती तर गोष्ट वेगळी.

सेंटओएसची सवय असेल तर अल्मालिनक्स ९ घ्या. आज्ञा जवळपास त्याच, आणि सुरक्षा अपडेट २०३२ पर्यंत. नव्याने शिकणार असाल तर उबुंटू २४.०४ एलटीएस, अडलात की मदत चटकन सापडते. डेबियनही भक्कम आहे. खरे तर, तुमचा सर्व्हर सांभाळणाऱ्याला जी येते तीच चांगली.

जुन्यावरच अपग्रेड करत बसू नका. नवा सर्व्हर घ्या, साइट तिथे चालवून पाहा, मगच डोमेन वळवा. डेटाबेसला यूटीएफ८एमबी४ ठेवा, नाहीतर मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हे दिसू शकतात.

ऑफिसातल्या संगणकाचा विचार सोडा. पावसाळ्यात वीज जाते, आणि नेमके तेव्हाच मुंबई-पुण्याचे लोक बुकिंग करतात. मुंबईतल्या डेटा सेंटरमधला छोटा व्हीपीएस पुरे. आणि काहीही हलवण्याआधी बॅकअप घ्याच.