मग चित्र कोण काढतंय?

संध्याकाळचा साक्षरतेचा वर्ग सुटला की आमच्या शाळेच्या ओसरीवर मंडळी घटकाभर टेकतात. कोपऱ्यात टीव्हीचा संच आहे. बातम्या झाल्या की कोणीतरी वाहिनी बदलतो. एके दिवशी पडद्यावर जिकडेतिकडे बर्फ दिसत होते. एक दाढीवाला माणूस कुऱ्हाडीने लाकडे फोडत होता. मागून आवाज येत होता, "इथे वीज नाही. रस्ता नाही. कोसच्या कोस दुसरा माणूस नाही. हा गडी एकटाच राहतो."

सगळे डोळे लावून बघत होते. तेवढ्यात वरच्या वाडीच्या आजी बोलल्या, "गुरुजी, त्यो एकटाच हाय ना? मग त्याचं चित्र कोण काढतंय?"

ओसरी हसली. आम्ही मात्र हसलो नाही. आमचा उभा जन्म शिकवण्यात गेला. असे कार्यक्रम आम्ही कैक वेळा पाहिले. पण हा साधा प्रश्न आम्हाला कधी सुचला नव्हता. म्हणून आज त्याच प्रश्नाचा धडा करू.

हा मुलूख कोणता?

असे पुष्कळसे कार्यक्रम अलास्कात काढलेले असतात. अलास्का हे अमेरिकेचे अगदी उत्तरेकडचे राज्य. १८६७ साली अमेरिकेने हा मुलूख रशियाकडून विकत घेतला. १९५९ साली त्याला राज्याचा दर्जा मिळाला. आपल्या महाराष्ट्राच्या पाचपटीहून तो मोठा आहे. पण २०२० च्या शिरगणतीत तिथे माणसे भरली फक्त ७ लाख ३३ हजार! उत्तर टोकाला हिवाळ्यात दोन महिने सूर्य उगवत नाही. बऱ्याच गावांना बाहेरून रस्ता नाही. माणसे आणि माल लहान विमानाने येतात, नाहीतर नावेने.

म्हणजे पडद्यावरचे बर्फ खरे आहे. थंडीही खरी आहे. पण चित्र काढणारी माणसे आपल्याला दिसत नाहीत. त्यांनाही तिथे जावे लागते, जेवावे लागते, शेकावे लागते. त्यांच्या कॅमेऱ्याला बॅटरी लागते आणि बॅटरी भरायला वीज लागते. "इथे वीज नाही" हे आपल्याला दाखवायलासुद्धा वीज लागते, बघा!

खरोखर एकटा राहिलेला माणूस

मग असा एकटा कोणी राहिलाच नाही का? राहिला. त्याचे नाव रिचर्ड प्रेनेकी. हा मूळचा सुतारकाम आणि यंत्रकाम जाणणारा माणूस. पन्नाशी ओलांडल्यावर, १९६८ साली, त्याने अलास्कातल्या एका तळ्याकाठी घर बांधायला घेतले. झाडाचे ओंडके त्याने स्वतः तासले. हत्यारे सगळी हाताची. दाराच्या बिजागऱ्यासुद्धा लाकडाच्या केल्या. पेट्रोलचे रिकामे डबे कापून भांडी केली. आपल्या गावच्या सुताराने बघितले तर तोही मान डोलावील. प्रेनेकी तिथे जवळजवळ तीस वर्षे राहिला.

त्याचे चित्र कोणी काढले? त्याने स्वतःच! तिवईवर कॅमेरा उभा करायचा. तो चालू करून समोर जायचे आणि काम करायचे. पडद्यावर तो तळ्याकाठाने दूर चालत जाताना दिसतो. पण तो कॅमेरा आणायला त्याला तेवढेच अंतर माघारी यावे लागे. ते माघारी येणे आपल्याला दिसत नाही.

दुसरी गोष्टही लक्षात ठेवा. त्याच्या ओळखीचा एक विमानवाला अधूनमधून तळ्यावर उतरे. तो पत्रे आणि धान्यसामान पोचवी. प्रेनेकीने हे लपवले नाही. आपल्या रोजनिशीत तो सारे लिहून ठेवी. त्या रोजनिशीवरून १९७३ साली पुस्तक निघाले. माणूस एकटा राहिला, तरी त्याची दोरी इतर माणसांना बांधलेली होती. हे कबूल केल्याने त्याची थोरवी कमी होत नाही.

बंदूक लपवली, भाला दिला

आता टीव्हीच्याही आधीची गोष्ट ऐका. १९२२ साली एक मूकपट निघाला. नाव 'नानूक ऑफ द नॉर्थ'. कॅनडाच्या उत्तरेस इन्युइट लोक राहतात. त्यांच्यातल्या एका शिकाऱ्यावर रॉबर्ट फ्लाहर्टी याने तो काढला. जगभर लोकांनी वाहवा केली.

पण त्या शिकाऱ्याचे नाव नानूक नव्हते. ते होते अल्लाकारिआल्लाक. लोकांच्या तोंडी बसावे म्हणून दुसरे नाव दिले. चित्रपटात दाखवलेली त्याची बायको त्याची बायको नव्हती. ते लोक तेव्हा बंदुकीने शिकार करीत. पण चित्रपटात त्यांच्या हाती जुन्या काळचा भाला दिला. बर्फाच्या घरात उजेड कमी पडे, म्हणून एका बाजूने उघडे असे अर्धेच घर बांधले. हे लोक मागासलेले दिसावेत, तरच बघणाऱ्याला गंमत वाटणार! त्या माणसाची हुशारी खरी होती. पण त्याचा चालू काळ पडद्यावरून पुसून टाकला.

अलीकडचेही एक उदाहरण आहे. २०१४ साली 'अलास्कन बुश पीपल' नावाची मालिका सुरू झाली. रानात राहणाऱ्या एका कुटुंबाची ती मालिका. अलास्काचे सरकार तेलाच्या पैशातून तिथल्या रहिवाशांना दरसाल वाटा देते. तो मिळवण्यासाठी त्या घरातल्या बापाने व एका मुलाने अर्जात खोटे लिहिले होते. मालिकेच्या आधी काही काळ ते अलास्काबाहेर होते. २०१५ साली त्यांनी कोर्टात हा गुन्हा कबूल केला. पडद्याने मात्र त्यांना अस्सल अलास्काचे रानवासी म्हणून जगापुढे उभे केले होते.

आजींचे दुसरे बोलणे

त्या दिवशी कार्यक्रम संपता संपता तो दाढीवाला म्हणाला, विजेवाचून राहण्यात फार सुख आहे. आजी एकदम गप्प झाल्या. मग हळूच म्हणाल्या, "आमच्या वाडीला वीज नव्हती तवाची गोष्ट. माझ्या सुनंचं पहिलं बाळंतपण चिमणीच्या उजेडात झालं. सुईण म्हणत व्हती, उजेड आणा, उजेड आणा. आणायचा कुठनं? पोर हाती लागलं नाही. त्या गोऱ्याला नको झालं तर त्यो इमान बोलवील. आमी कुणाला बोलवायचं?"

ओसरीवर कोणी बोलेना.

मंडळी, या दोन गोष्टींत फरक आहे. एक माणूस वीज सोडून रानात जातो. दुसऱ्याच्या दारी वीज पोचलेलीच नसते. दोघांच्या घरी चिमणीच जळते. पण पहिल्याला परतीची वाट आहे. दुसऱ्याला नाही. पडदा पहिल्याचे कौतुक करतो. ते करावे. पण त्यावरून कोणी म्हणेल की रानातल्या लोकांना रस्ता नको, दवाखाना नको, ते आहेत तसेच सुखी आहेत, तर ते ऐकून घेऊ नका.

उद्या कॅमेरा आपल्या दारी आला तर?

आता तर हाताहातात मोबाइल आहेत. शहरातले पाहुणे येतात. आपल्या वाडीचे, चुलीचे, डोक्यावरच्या हंड्याचे चित्रीकरण करतात. पाहुण्याला पाणी द्या. त्याच्याशी गोडीने बोला. पण तो म्हणाला, "आजी, ते गॅसचे शेगडीबिगडी बाजूला ठेवा, जुने लुगडे नेसा," तर त्या शिकाऱ्याचा भाला आठवा. सांगा, "बाबा, चूल दाखव, गॅसही दाखव. नळ दाखव आणि तो कोरडा आहे हेही दाखव." आपले खरे चित्र जाऊ द्या.

अक्षर वाचता आले म्हणजे माणूस साक्षर झाला, असे आम्ही समजत होतो. पडद्यावरचे चित्रही वाचावे लागते. हे आम्हाला त्या आजींनी शिकवले.

बघताना स्वतःला विचारा

१. हे चित्र कोणी काढले? तो तिथे कसा पोचला?
२. चित्रात काय गाळले असेल?
३. हा माणूस इथे स्वतःच्या मर्जीने राहतो, की त्याला दुसरा इलाजच नाही?
४. आपल्या वाडीचे चित्र काढायचे तर तुम्ही पहिल्याने काय दाखवाल? चार ओळी लिहा.