निघायची वेळ आधीच ठरव

चि. सौ. सोनू,

तुमच्या नव्या घराचे फोटो पाहिले. मेलबर्नजवळच्या डँडेनाँग डोंगराच्या उतारावरचं लाकडी घर, मागे उंच निलगिरी, समोर नेच्यांनी भरलेली दरी. फार सुंदर जागा मिळाली तुम्हाला. सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवरचं बोलणं राहून जातं, म्हणून सविस्तर लिहिते. सप्टेंबर लागला आहे. उन्हाळ्याला अजून अवकाश आहे आणि जे करायचं ते याच दिवसांत करायचं असतं.

वणवा तुला नवा नाही. आजोळी फाल्गुन-चैत्रात डोंगर पेटलेले तू पाहिलेस, वनखातं उन्हाळ्याआधी जाळरेषा काढतं तेही पाहिलंस. पण तो बहुतेक गवताचा आणि पाचोळ्याचा वणवा. गावची पोरं ओल्या डहाळ्या घेऊन तो झोडपून काढतात. त्या अनुभवावर इथे विसंबू नकोस. इथल्या निलगिरीच्या पानांत तेल असतं आणि तिच्या सालीच्या लांबलचक पट्ट्या सुटून खोडाला लोंबत असतात. त्या पेटल्या की वाऱ्याबरोबर उडतात आणि आगीच्या कितीतरी पुढे जाऊन पडतात. ७ फेब्रुवारी २००९ या दिवसाला इथे ब्लॅक सॅटर्डे म्हणतात. मेलबर्नचा पारा ४६.४ अंशांवर गेला होता. त्या दिवशीच्या आगींनी व्हिक्टोरियात १७३ माणसं गेली आणि दोन हजारांहून अधिक घरं जळाली. मेरीसव्हिल हे गाव जवळजवळ पुसलं गेलं. मेलेल्यांत कितीतरी जण आपापल्या घरातच सापडले.

म्हणून माझं सांगणं एकच आहे. घर असं तयार कर की तुम्ही तिथे नसताना ते टिकेल, आणि तुम्ही तिथे नसाल हे आजच ठरवून टाक.

निघायचं कधी, हे आग दिसल्यावर ठरवायचं नसतं. आता आगीच्या धोक्याच्या चार श्रेण्या आहेत: मॉडरेट, हाय, एक्स्ट्रीम आणि कॅटास्ट्रॉफिक. शेवटची जाहीर झाली तर आदल्या रात्री किंवा भल्या पहाटे घर सोडायचं. मग धूर असो वा नसो, कामावर सुट्टी मिळो वा न मिळो. तुमच्यासारख्या नवख्यांनी एक्स्ट्रीमच्या दिवशीही तिथे थांबू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. अॅपवर इशारा येईल, मग बघू, हा विचार सोड. वीज जाते, मोबाइलचे टॉवर बंद पडतात. त्या डोंगरातले रस्ते अरुंद आणि वळणावळणाचे आहेत, एक झाड आडवं पडलं तरी वाट बंद. अग्निशमन दलात बहुतेक स्वयंसेवक असतात, जिवावर उदार होऊन काम करतात, पण प्रत्येक दाराशी गाडी उभी करणं त्यांना शक्य नसतं आणि ते तसं आधीच सांगतात.

तुझ्या फोटोतली दरी मला बेचैन करते. आग चढावर जोरात पळते. उतार दहा अंशांनी वाढला की तिचा वेग साधारण दुप्पट होतो. खालच्या ओढ्यापाशी लागलेली आग तुमच्या ओटीवर यायला किती कमी वेळ लागेल ते बघ. आणि वारा फिरतो. इथल्या वाईट दिवसांची चाल ठरलेली आहे: दिवसभर वाळवंटाकडून तापलेला उत्तरेचा वारा, मग एकदम नैर्ऋत्येचा गार वारा. लोकांना वाटतं, सुटलो. पण तोपर्यंत आग लांब आणि चिंचोळी पळत असते. वारा फिरला की तिची अख्खी बाजूच पुढे सरकू लागते. १६ फेब्रुवारी १९८३च्या अॅश वेन्सडेला असंच झालं. व्हिक्टोरिया आणि साउथ ऑस्ट्रेलिया मिळून ७५ माणसं गेली. तुमच्यापासून फार लांब नसलेल्या कॉकाटूमध्ये बायका-मुलांनी बालवाडीच्या इमारतीत ओल्या कपड्यांखाली ती रात्र काढली.

आता घराचं. बरीचशी घरं ज्वाळांच्या भिंतीने जळत नाहीत, ठिणग्यांनी जळतात. आग अजून लांब असते आणि निखाऱ्यांचा पाऊस सुरू होतो. तो निखारा कुठे अडकेल ते शोधायला जावईबापूंना घेऊन एकदा घराभोवती फीर. पन्हळीत हात घालून बघ, साचलेली पानं मुठीत चुरली जातात ना? तिथूनच आढ्यात आग शिरते. दाराशी काथ्याचं पायपुसणं आहे, धोक्याच्या दिवशी ते आत घे. ओटीखाली रचलेली चुलीची लाकडं आजच लांब हलव. भिंतीला लागून फुलझाडांच्या बुंध्याशी लाकडाच्या ढलप्या पसरल्या आहेत, त्या काढून तिथे खडी टाक. छताखालच्या आणि जमिनीलगतच्या झरोक्यांना दोन मिलिमीटरहून बारीक छिद्रांची धातूची जाळी बसवून घे, प्लास्टिकची नको. गॅसच्या सिलिंडरची झडप घराकडे तोंड करून नसावी. झाडांच्या फांद्या छतावर आलेल्या नसाव्यात. व्हिक्टोरियात बऱ्याच ठिकाणी जुन्या घरांना दहा मीटरपर्यंतची झाडं आणि तीस मीटरपर्यंतचं खुरटं रान परवान्याशिवाय काढता येतं, पण तुमच्या घराला तो नियम लागू आहे का हे कौन्सिलमध्ये विचारूनच कुऱ्हाड लाव.

वास्तुशांतीचा मुहूर्त जानेवारीत काढला आहेस, असं ताई म्हणाली. तो पुढे ढकल. उन्हाळ्यात उघड्यावर आग पेटवण्यावर निर्बंध असतात आणि टोटल फायर बॅनच्या दिवशी अंगणात होमकुंड पेटवणं हा गुन्हा आहे. गुन्ह्याचंही सोड, एक ठिणगी शेजाऱ्यांचं आयुष्य संपवू शकते. हिवाळ्यात कर, मी येईन.

आणि सासू-सासरे. मायदेशातल्या थंडीत ते इकडे येणार, म्हणजे नेमके आगीच्या मोसमात. तुम्ही दोघं कामावर आणि ते दोघं डोंगरात, गाडी नाही, रस्ते माहीत नाहीत, अशी वेळ येऊ देऊ नकोस. धोक्याच्या दिवशी त्यांना आदल्या संध्याकाळीच माझ्याकडे आण. त्यांची औषधं, पासपोर्ट, तुमचे कागद, दागिने एका पिशवीत दाराजवळ असू देत. आईने दिलेली घोंगडी गाडीत ठेव. शुद्ध लोकरीइतकं उष्णतेपासून वाचवणारं दुसरं काही घरात नसतं. अंगावर सुती किंवा लोकरी कपडे, पायात बूट. नायलॉन, पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटतं.

जंगलाबद्दलही थोडं लिहिते, कारण शरद ऋतूत, एप्रिलच्या सुमारास, तुला धूर दिसेल आणि तू घाबरशील. तो इथल्या वनखात्याने मुद्दाम लावलेला, आखलेला विस्तव असतो. खाली साठलेला पालापाचोळा गार दिवसांत थोडा थोडा जाळून टाकायचा, म्हणजे उन्हाळ्यात आगीला इंधन कमी. खोकला आला, कपड्यांना वास लागला, तरी त्याविरुद्ध तक्रार करू नकोस. इथले मूळ रहिवासी हजारो वर्षं हेच करत आले: बुटकी, संथ, तुकड्या-तुकड्यांची आग, प्राण्यांना बाहेर पडायला वाट ठेवून. वसाहती आल्या, तशी ती रीत मोडली. आता जा जा वुरुंग लोक आपल्या भूमीवर खात्याबरोबर पुन्हा अशी आग लावू लागले आहेत, आणि मला ते फार मोलाचं वाटतं.

पण सगळं रान जाळा म्हणजे प्रश्न मिटला, असं सांगणाऱ्यांचं ऐकू नकोस. ब्लॅक सॅटर्डेनंतरच्या चौकशी आयोगाने दरवर्षी सरकारी जमिनीपैकी किमान पाच टक्के जाळावी असं सुचवलं. पुढे ते उद्दिष्ट सोडून, कुठे जाळल्याने वस्तीचा धोका घटतो हे पाहून जागा निवडायचं ठरलं, आणि ते योग्यच झालं. दूरचं हजारो हेक्टर रान जाळण्यापेक्षा गावालगतची पट्टी महत्त्वाची. शिवाय माउंटन अॅशची ओली अरण्यं अशी हलकी जाळता येत नाहीत. तो वृक्ष मोठ्या आगीत मरतो आणि बियांतून पुन्हा उगवतो, पण नव्या रोपांना बी धरायला साधारण वीस वर्षं लागतात. त्याआधी दुसरी आग आली तर ते अरण्य गेलंच. आणि अतिवाईट दिवशी निखारे जाळलेल्या पट्टीवरूनही उडून येतात. तेव्हा खात्याने कितीही केलं तरी तुमच्या भिंतीपासूनचे तीस मीटर तुमच्याच जबाबदारीत राहतात.

कोण निघणार, कुठल्या श्रेणीला, कुठल्या रस्त्याने, तो बंद असला तर दुसरा कोणता, मांजराला कोण उचलणार, हे सगळं दोघांनी बसून कागदावर लिहा. एक प्रत फ्रिजवर लावा, आणि रविवारपर्यंत तिचा फोटो मला पाठवा.

तुझी,
मावशी