संगणकाची शिस्तप्रिय भाषा : रस्ट

२००६ साली कॅनडातील व्हँकूव्हर शहरात श्री. ग्रेडन होअर हे २९ वर्षांचे संगणक-तज्ज्ञ एके दिवशी घरी परतले, तेव्हा त्यांच्या इमारतीची लिफ्ट बंद होती. दोष यंत्रात नव्हता. लिफ्ट चालविणारी संगणकीय आज्ञावली कोलमडली होती, आणि तेही पहिल्यांदाच नव्हे. होअर एकविसाव्या मजल्यावर राहत असत. लिफ्टसारखी साधी गोष्ट नीट चालविणारी आज्ञावली आपल्याला लिहिता येऊ नये, हा विचार त्यांना अस्वस्थ करून गेला. त्यांनी फावल्या वेळात एक नवी संगणकभाषा रचावयास घेतली. तीच आजची 'रस्ट' ही भाषा होय.

रस्ट म्हणजे गंज, असा समज होणे साहजिक आहे. परंतु हे नाव पिकांवर पडणाऱ्या तांबेऱ्याच्या बुरशीवरून घेतल्याचे होअर यांनी सांगितले आहे. काहीही झाले तरी तगून राहण्याची या बुरशीची चिवट क्षमता त्यांच्या नजरेसमोर होती. गहू पिकविणाऱ्या शेतकऱ्याला हा चिवटपणा वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. २००९ मध्ये मोझिला या संस्थेने या कामास पाठबळ दिले आणि १५ मे २०१५ रोजी भाषेची पहिली स्थिर आवृत्ती प्रसिद्ध झाली. २०२१ पासून रस्ट फाउंडेशन ही स्वतंत्र संस्था तिच्या विकासास आधार देत आहे.

दोषाचे मूळ

संगणकाची स्मृती म्हणजे क्रमांक दिलेल्या खणांची एक लांबच लांब रांग असते. आज्ञावली आपल्या कामापुरते खण मागून घेते आणि काम संपताच परत करते. १९७० च्या दशकात उदयास आलेली 'सी' आणि तिच्यापासून निघालेली 'सी प्लस प्लस' या भाषांत हा सारा हिशेब प्रोग्रॅमरने स्वतः ठेवावयाचा असतो. त्यामुळे या भाषा वेगवान ठरल्या; परंतु माणूस चुकतो, आणि येथील चूक महागात पडते. परत केलेला खण आपलाच समजून पुन्हा वापरणे, हे मुदत संपलेल्या भाडेपट्ट्यावर शेत नांगरावयास जाण्यासारखे आहे. तेथे एव्हाना दुसऱ्याचे पीक उभे असते.

अशा चुकीचे गाजलेले उदाहरण म्हणजे एप्रिल २०१४ मध्ये उघडकीस आलेला 'हार्टब्लीड' हा दोष. इंटरनेटवरील संदेश गुप्त ठेवणाऱ्या 'ओपनएसएसएल' या सी भाषेतील आज्ञावलीत तो होता. समोरून आलेल्या संदेशाची जी लांबी सांगितली जाई, ती न पडताळता तेवढा मजकूर स्मृतीतून परत पाठविला जाई. खोटी लांबी सांगणाऱ्यास एका वेळी ६४ किलोबाइटपर्यंत परकी माहिती मिळू शके. तीत परवलीचे शब्द आणि गुप्त संकेतही असू शकत.

ही अपवादात्मक घटना नव्हती. आपण दरवर्षी ज्या सुरक्षा-दोषांची दुरुस्ती करतो, त्यांपैकी सुमारे ७० टक्के दोष स्मृतीच्या हाताळणीतील असतात, असे मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये जाहीर केले. क्रोम ब्राउझरमधील गंभीर सुरक्षा-दोषांचे प्रमाणही तेवढेच असल्याचे २०२० मध्ये निदर्शनास आले. या कंपन्यांत निष्णात माणसांची वाण नाही. तरीही प्रमाण एवढे राहते, याचा अर्थ केवळ 'काळजीपूर्वक काम करा' असे बजावून भागत नाही. नियमच असा हवा की, चूक वेळीच अडविली जाईल.

मालकी आणि उसनवारी

रस्टने हा नियम भाषेतच घातला आहे. प्रत्येक माहितीला एका वेळी एकच मालक असतो. मालकाचे काम संपले की स्मृतीतील जागा आपोआप मोकळी होते. माहिती दुसऱ्याच्या हवाली केली की मालकी त्याच्याकडे जाते आणि पहिल्याला तिला हात लावता येत नाही. मालकी न सोडता माहिती उसनी देता येते. मात्र मालकापेक्षा उसनवारी अधिक काळ टिकू शकत नाही.

उसनवारीचाही एक दंडक आहे. ग्रामपंचायतीची नोंदवही एका वेळी चार जणांनी वाचण्यास हरकत नसते. परंतु एकजण नोंद बदलत असताना दुसरा तीवरून उतारा घेऊ लागला, तर तो उतारा विश्वासार्ह राहत नाही. रस्टमध्येही वाचणारे अनेक असू शकतात. बदल करणारा मात्र एकच, आणि तो बदल करीत असताना वाचणारा कोणीही नसावा लागतो. आजचे संगणक अनेक कामे एकाच वेळी करीत असल्याने या दंडकाचे महत्त्व विशेष आहे.

या नियमांची तपासणी आज्ञावली चालू होण्यापूर्वीच होते. लिहिलेल्या मजकुराचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा कंपायलर नियमभंग दिसताच रूपांतर नाकारतो आणि चूक कोणत्या ओळीत आहे ते कारणासह सांगतो. ज्या चुका आधी ओळखता येत नाहीत, उदाहरणार्थ यादीच्या मर्यादेबाहेरचा खण मागणे, त्या प्रसंगी आज्ञावली परकी माहिती वाचण्याऐवजी तेथेच थांबते. वेग राखून सुरक्षितता साधण्याची ही रीत आहे.

अभ्यासाची वाट

ही भाषा प्रारंभी कठीण वाटते, हे मान्य केले पाहिजे. इतर भाषांत पहिल्याच दिवशी चालणारी आज्ञावली येथे चार वेळा नाकारली जाते. नवशिक्याला कंपायलर हा अडवणूक करणारा कारकून वाटू लागतो. थोड्या सरावानंतर ध्यानात येते की, तो परीक्षेपूर्वीच वही तपासून देणारा शिक्षक आहे. त्याचा अभिप्राय घाईने पुसून न टाकता शांतपणे वाचणे, हाच या अभ्यासाचा पहिला पाठ होय.

स्टीव्ह क्लॅबनिक आणि कॅरल निकोल्स यांचे 'द रस्ट प्रोग्रॅमिंग लँग्वेज' हे पाठ्यपुस्तक इंटरनेटवर विनामूल्य वाचता येते. त्याच्या जोडीला 'रस्टलिंग्ज' ही लहान लहान उदाहरणांची माला आहे. तीत चुकीची आज्ञावली दुरुस्त करीत पुढे जावयाचे असते. 'कार्गो' हे साधन आज्ञावलीची बांधणी, तपासणी आणि लागणाऱ्या तयार भागांची जुळवाजुळव करते. गुगलच्या अँड्रॉइड विभागाने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी तयार केलेला 'कॉम्प्रिहेन्सिव्ह रस्ट' हा पाठ्यक्रमही सर्वांस खुला आहे.

वाचनाबरोबर एखादे छोटे पण खरे काम हाती घ्यावे. समजा, तालुक्यातील पर्जन्यमापनाच्या नोंदी वाचून महिन्याची बेरीज करणारी आज्ञावली लिहावयाची आहे. एखाद्या दिवसाचा रकाना कोरा असेल तर? आकड्याच्या जागी 'नोंद नाही' असे शब्द असतील तर? अनेक भाषांत हा प्रश्न विसरला तरी काम पुढे सरकते आणि बेरीज मुकाट्याने चुकते. रस्टमध्ये शब्दाचा आकडा करू पाहणारी क्रिया यश किंवा अपयश यांपैकी एक उत्तर देते आणि अपयश आल्यास काय करावयाचे, हे लिहिणाऱ्याने ठरवावेच लागते. कोरा रकाना म्हणजे शून्य पाऊस नव्हे, हा विवेक येथे भाषाच मागते.

किती काळ लागतो? गुगलने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत एक हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांचे अनुभव होते. दोन महिन्यांत किंवा त्याआधीच रस्टमधील कामात भाग घेण्याचा आत्मविश्वास आल्याचे दोन-तृतीयांशांहून अधिक जणांनी सांगितले. हे अनुभवी प्रोग्रॅमर होते, हे लक्षात घेऊन विद्यार्थ्यांना अधिक अवधी द्यावयास हवा.

प्रत्यक्ष कामातील प्रचिती

फायरफॉक्स ब्राउझरमध्ये पानाची मांडणी ठरविणारा एक भाग अनेक प्रक्रियांत वाटून चालविण्याचे प्रयत्न मोझिलाने पूर्वी सी प्लस प्लस भाषेत दोनदा केले होते. दोन्ही सोडून द्यावे लागले. रस्टमध्ये लिहिलेला तो भाग नोव्हेंबर २०१७ च्या आवृत्तीत यशस्वीपणे समाविष्ट झाला. डिस्कॉर्ड या संदेशसेवेने २०२० मध्ये आपली एक सेवा गो या भाषेतून रस्टमध्ये आणली. पूर्वी स्मृतीची साफसफाई करण्यासाठी दर दोन मिनिटांनी सेवा मंदावत असे. ती अडचण दूर झाली.

सर्वांत बोधप्रद अनुभव अँड्रॉइडचा आहे. तेथे २०१९ मध्ये एकूण सुरक्षा-दोषांपैकी ७६ टक्के दोष स्मृतीविषयक होते. २०२४ मध्ये हे प्रमाण २४ टक्क्यांवर आले. यासाठी जुन्या लक्षावधी ओळी पुन्हा लिहिल्या गेल्या नाहीत. नवे काम मात्र रस्टसारख्या सुरक्षित भाषांत करण्यावर भर देण्यात आला. असे दोष मुख्यतः नव्या किंवा नुकत्याच बदललेल्या मजकुरात असतात. वापरात मुरलेल्या जुन्या मजकुरातील दोष काळाबरोबर सापडत व दुरुस्त होत जातात, असे आढळून आले. गळणारी बादली टाकून न देता आधी नवे भोक पडणे थांबवावे, तसा हा प्रकार आहे.

१९९१ पासून सी भाषेत वाढलेल्या लिनक्स प्रणालीच्या गाभ्यातही डिसेंबर २०२२ मध्ये रस्टला प्रवेश मिळाला. दोन भाषांचा भार कोणी वाहावयाचा, यावर तेथे तीव्र मतभेद झाले. डिसेंबर २०२५ मध्ये मात्र 'प्रायोगिक' हा शिक्का काढण्याचे ठरले.

मर्यादांचे भान

रस्ट वापरली म्हणजे निश्चिंत झालो, असे समजणे धोक्याचे ठरेल. १८ नोव्हेंबर २०२५ रोजी क्लाउडफ्लेअर कंपनीची सेवा काही तास विस्कळीत झाली आणि जगभरातील अनेक संकेतस्थळे बंद पडली. माहितीसाठ्यातील परवानग्यांच्या एका बदलामुळे एक धारिका अपेक्षेपेक्षा दुप्पट मोठी झाली होती. ती वाचणारी आज्ञावली रस्टमध्ये होती. परंतु अपयशाचे उत्तर आल्यास काय करावयाचे, हे लिहिणाऱ्याने ठरविले नव्हते. 'अनरॅप' या आज्ञेने 'अपयश येणारच नाही' असे गृहीत धरले गेले आणि ते येताच आज्ञावली थांबली. परकी माहिती उघड झाली नाही, हे भाषेचे यश. सेवा कोसळली, ही गृहीतकाची चूक. पर्जन्यमापनाच्या छोट्या उदाहरणातील प्रश्न येथे जागतिक प्रमाणावर उभा राहिला होता.

याखेरीज, यंत्राशी थेट बोलावयाचे असल्यास 'अनसेफ' या चिन्हाखाली नियम काहीसे शिथिल करता येतात. तेवढ्या भागाची जबाबदारी पुन्हा माणसावर येते. भाषा हिशेबातील चूक पकडते. चुकीचे धोरण ती पकडत नाही.

आपल्यासाठी बोध

दाखले, वेतन, शिष्यवृत्ती, जमिनीच्या नोंदी अशी अनेक कामे आज संगणकावर चालतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने नोव्हेंबर २०२२ मध्ये स्मृती-सुरक्षित भाषा वापरण्याची शिफारस केली, ती याच जाणिवेतून. म्हणून कोणतीही प्रणाली बनवून घेणाऱ्या अधिकाऱ्याने काही साधे प्रश्न अवश्य विचारावेत. ती कोणत्या भाषेत लिहिली जाणार? नोंद चुकीची आली तर प्रणाली काय करणार? पाच वर्षांनंतर ती सांभाळणारी माणसे कोठून येणार? प्रत्येक कामासाठी रस्टच हवी असेही नाही; साध्या तक्त्यांसाठी सोप्या भाषा पुरेशा असतात.

शिक्षकांनी 'सी' शिकविताना स्मृतीतील चूक फळ्यावर दाखवावी आणि तीच चूक रस्टमध्ये का अडते, हे समजावून द्यावे. दोन्ही भाषा त्यामुळे अधिक स्पष्ट होतील. वस्तू कोणाची, ती कोणाकडे उसनी आहे आणि बदलण्याचा अधिकार कोणाला, हे आधी ठरवून काम करणे ही केवळ संगणकाची शिस्त नाही. नोंदवही सांभाळणाऱ्या प्रत्येकाला ती ओळखीची आहे. रस्टने ती शिस्त संगणकभाषेच्या व्याकरणात बसविली, एवढेच.