सहा हजार की सोळा हजार?

भोसरी, रविवार, २५ ऑगस्ट २०२४

सोन्या,

काल तुझ्या आईचा फोन आला. "लाडक्या भावाचे सहा हजार घेऊ की डिलिव्हरीचे सोळा?" असं तिला विचारलंस आणि उत्तर न ऐकताच गाडीला किक मारून गेलास म्हणे. फोनवर तू मला पुरतं बोलू देत नाहीस, म्हणून हे पत्र.

आधी हिशेब. तू ज्याला लाडका भाऊ म्हणतोस त्या मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेत बारावी झालेल्याला महिना ६,०००, आयटीआय किंवा डिप्लोमावाल्याला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये मिळतात, तेही सहा महिने. तुझ्या हाती सगळे मिळून ३६,००० पडतील. हा पगार नाही, विद्यावेतन आहे. पीएफ-बीएफ काही नाही. योजना निवडणुकीच्या तोंडावर आली, हे मलाही कळतं. गावाकडच्या माणसासाठी रोजगार हमी सत्तरच्या दशकापासून आहे. वस्तीतल्या पोरासाठी तसं काही नाही, त्याला हा सहा महिन्यांचा तुकडा.

तरी घे, असं माझं मत आहे. तुझ्या सोळातून पेट्रोल, गाडीचा हप्ता, रिचार्ज आणि मागच्या पावसाळ्यात घसरलास तेव्हाचं औषधपाणी वजा कर. उरेल तो आकडा कागदावर लिही. त्याच्याखाली लिही की दोन वर्षं पाठीवर पिशवी वाहून तुला नवीन काय येऊ लागलं. येरवड्यातल्या गल्ल्या तर तुला आधीच पाठ होत्या.

मी आयटीआयला फिटर होतो. पहिला महिना नुसती कानस. पोलादाचा तुकडा घासायचा, गुण्या लावून दिव्यासमोर धरायचा, फटीतून उजेड दिसला की पुन्हा घासायचा. एका चौकोनात माझे चार दिवस गेले, तळहाताला फोड आले, आणि मास्तरांनी नुसती मान हलवून तो बाजूला ठेवला. तेव्हा राग आला होता. पण पुढे कुठलाही तुकडा हातात घेतला की वाकडेपणा आधी बोटांना कळायचा.

एवढं शिकूनही नोकरी लागली ती ठेकेदाराकडे. भोसरीतल्या त्या कारखान्यात दर सात महिन्यांनी ब्रेक द्यायचे, कारण २४० दिवस भरले तर माणूस हक्क सांगेल. असे तीन ब्रेक मी खाल्ले. प्रत्येक वेळी 'या खेपेला साहेब पर्मनंट करतील' म्हणून तिथल्याच गेटवर चकरा मारल्या, दुसरीकडे अर्ज केला नाही. ती माझी चूक. कमाई एकच झाली. दुसऱ्या पाळीत एक म्हातारे टर्नर होते, ते जेवणाच्या सुट्टीत मला लेथवर उभं करायचे. पुढे मला पक्की नोकरी मिळाली ती त्या लेथमुळे.

म्हणून योजनेतून ज्या सरकारी कचेरीत जाशील तिथे रुजू होताना पहिल्याच दिवशी विचार, कुठल्या विभागात बसवणार? आवक-जावकच्या टेबलावर बसवून झेरॉक्स आणि चहा आणायला लावणार असतील, तर नम्रपणे सांग की मला विद्युत विभागात नाहीतर पंपहाउसवर द्या. तिथे एखादा जुना वायरमन असतोच. त्याची पिशवी उचल, शिडी धर, तो काय करतो ते बघ. रोज रात्री वहीत दोन ओळी लिही: आज कुठला स्टार्टर उघडला, काय जळालं होतं. सहा महिन्यांनी प्रमाणपत्र मिळेल, त्यात नुसतं 'प्रशिक्षण पूर्ण केले' नको. काय काम केलं ते लिहून मागायला ती वही उपयोगी पडेल. आणि महिना झाला तरी झेरॉक्सच काढत असलास, तर सरळ सोडून दे. मी रागावणार नाही.

कागदाचं एवढं सांगतोय त्याला कारण आहे. मुलाखतीत आपल्या वस्तीचा पत्ता वाचला की समोरच्याचा चेहरा बदलतो, हे तू दोनदा पाहिलं आहेस. सरकारी शिक्क्याच्या कागदाने सगळ्यांचे चेहरे सुधारणार नाहीत. पण निदान 'अनुभव काय?' या प्रश्नाला देण्यासारखं काही हातात असेल.

फेब्रुवारी-मार्चमध्ये हे संपेल. तिथे कायम करतील ही आशा धरू नकोस, कुणी कानात सांगितलं तरी. आयटीआयचे अर्ज उन्हाळ्याच्या अखेरीस निघतात. वेल्डर एक वर्षाचा, इलेक्ट्रिशियन दोन वर्षांचा. वायरमनच्या हाताखाली गोडी लागली तर इलेक्ट्रिशियनच धर. त्यानंतर १९६१च्या कायद्याखालची ॲप्रेंटिसशिप कर. ती वेगळी आणि ही योजना वेगळी, घोटाळा करू नकोस. ॲप्रेंटिसशिपच्या शेवटी परीक्षा असते आणि देशभर चालणारं प्रमाणपत्र मिळतं. विसाव्या वर्षी काय आयटीआय, असं मित्र म्हणतील. आमच्या बॅचला तिशीतला एक गडी होता आणि त्याने घासलेला तुकडाच सगळ्यांत सरळ यायचा.

संध्याकाळी दोन-तीन तास डिलिव्हरी कर, पण रात्री उशिरापर्यंत नको. सकाळी पेंगलास तर वायरमन शिडीसुद्धा धरू देणार नाही. गाडीचा हप्ता २,८०० आहे ना? तो मार्चपर्यंत मी भरतो. तुझ्या आईला हे सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस. गणपतीला येशील तेव्हा रुजू झाल्याचं पत्र घेऊन ये.

तुझा,
मामा