पुन्हा सुरुवात कधी करावी?



गावावर मोठे संकट कोसळले की काही दिवसांतच दोन मते ऐकू येतात. कोणी म्हणतो, “माणसे गेली आणि तुम्हांला समारंभ सुचतात?” दुसरा म्हणतो, “रडत किती दिवस बसायचे? पोट कोणाला चुकले आहे?” दोघांच्याही मनात कळकळ असू शकते. मग निर्णय कसा घ्यावा?

न्यूयॉर्क शहराचे उदाहरण पाहू. तेथे दर नोव्हेंबरमध्ये मोठी मॅरेथॉन शर्यत होते. 11 सप्टेंबर 2001 रोजी अतिरेक्यांनी तेथील जुळे मनोरे पाडले. जवळजवळ आठ आठवड्यांनी, 4 नोव्हेंबरला, शर्यत झाली आणि दुःखी शहराला तिचा आधार वाटला.

पुढे 29 ऑक्टोबर 2012 रोजी सँडी वादळाने त्याच शहरात 40 हून अधिक बळी घेतले. त्यांतले सुमारे निम्मे स्टॅटन आयलंड भागातले. शर्यत सुरू होते ती तेथूनच, आणि तीही सहाच दिवसांनी व्हायची होती. शर्यतीमुळे छोट्या धंद्यांना हातभार लागेल, हे महापौर मायकल ब्लूमबर्ग यांचे म्हणणे खोटे नव्हते. परंतु हजारो घरांत अंधार असताना शर्यतीच्या मंडपासाठी जनरेटर आणलेले पाहून लोक संतापले. 2 नोव्हेंबरला शर्यत रद्द झाली. रविवारी कित्येक धावपटू पाठीवर मदतीचे सामान घेऊन स्टॅटन आयलंडवर गेले.

यावरून आम्हांला वाटते की, केवळ दिवस मोजून उत्तर मिळत नाही. दुकान, शाळा, गाड्या लवकर सुरू व्हाव्यात. रोजंदारीवर जगणाऱ्याला लांबलेला बंद परवडत नाही. समारंभाच्या बाबतीत मात्र आधी तीन प्रश्न विचारावेत :

1. संकटग्रस्तांना हवे असलेले पाणी, वीज, वाहने किंवा मनुष्यबळ आपण वळवून घेत आहोत का?

2. ज्यांच्या घरी दुःख आहे त्यांना आपण विचारले का?

3. त्यांना आपल्यात येऊन बसता येईल का?

मोशेसाठी इस्राएल लोकांनी 30 दिवस शोक केला. मग ते यार्देनपलीकडे निघाले. शोकाला त्याचा वेळ द्यावा लागतो आणि पुढे चालावेही लागते. मात्र निघण्यापूर्वी मागे कोण राहिले आहे, हे पाहणे आपले कर्तव्य आहे. गावात अशी वेळ आली, तर तारीख ठरवणारी सभा भरवण्याआधी आपण त्या घरांची दारे ठोठावू या.